डीएनए जुळवायचा, पण कोणाशी?

‘अनोळखी इसम, वय अंदाजे 35 ते 40, बांधा मध्यम, रंग सावळा. ओळखत असल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.’ आतल्या पानावरच्या अशा चार ओळींवर वाचकाची नजर क्वचितच थांबते. मृतदेह इतवारी स्थानकाच्या आसपास सापडला असेल तर त्या ओळी नागपुरातच छापून येतात. त्या माणसाचे घर मात्र गोंदियाकडे, बालाघाटला किंवा थेट छत्तीसगडमध्येही असू शकते. मृत्यू घातपाती असेल तर अडचण आणखी वाढते. मृत कोण हेच ठाऊक नसेल, तर त्याचे वैर कोणाशी होते, शेवटचा फोन कोणाला केला, हे पोलिसांनी विचारायचे कोणाला?

विदर्भातील उन्हाळा तर तपासाचा शत्रूच. 45 अंशांच्या उन्हात एक-दोन दिवसांत चेहरा ओळखू येईनासा होतो, बोटांची कातडी सुटू लागते. ठसे मिळाले तरी ते जुळतील असे नाही. पोलिसांकडे प्रामुख्याने गुन्हेगारांचेच ठसे असतात. ‘आधार’मध्ये शोधावे, असे सहज सुचते. पण 2016च्या आधार कायद्यानुसार बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा कोणत्याही कारणासाठी कोणालाही देता येत नाहीत.

उरतात हाडे आणि दात. कटीच्या हाडांवरून स्त्री की पुरुष, मांडीच्या हाडावरून उंची आणि अक्कलदाढेवरून अंदाजे वय सांगता येते. दाढेच्या आतला डीएनए वर्षानुवर्षे टिकतो. मात्र डीएनए म्हणजे नाव नव्हे. तो आई, वडील किंवा अपत्याच्या नमुन्याशी ताडून पाहावा लागतो आणि ते कोण, हे आधी कळावे लागते.

शीना बोरा प्रकरणात नेमके हेच घडले. 23 मे 2012 रोजी रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकजवळ जळालेल्या अवस्थेतील मानवी अवशेष सापडले. नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, पण ना खुनाचा गुन्हा नोंदवला गेला, ना अकस्मात मृत्यूची नोंद झाली. तीन वर्षांनी, ऑगस्ट 2015 मध्ये, दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या एका चालकाच्या जबाबातून नाव पुढे आले. मग जमीन उकरून अवशेष काढण्यात आले आणि आईच्या नमुन्याशी डीएनए जुळल्याचा अहवाल आला. नाव माणसाने सांगितले, प्रयोगशाळेने फक्त दुजोरा दिला. तो चालक दुसऱ्या प्रकरणात सापडलाच नसता तर? आरोपींना आरोप मान्य नाहीत आणि ते अवशेष शीनाचे असल्याबद्दलही बचाव पक्षाने शंका घेतली आहे. 2017 मध्ये सुरू झालेला खटला 2024 मध्येही चालूच होता. त्याच वर्षी 2012 मधील हाडे सापडत नसल्याचे न्यायालयात सांगण्यात आले. पुढे ती सीबीआयच्या दिल्लीतील कार्यालयात निघाली! एवढ्या गाजलेल्या प्रकरणात ही तऱ्हा, तर चार ओळींच्या बातमीतल्या माणसाची दाढ कोण जपून ठेवणार?

परदेशातही सगळे आलबेल नाही. बेल्जियममधील अँटवर्प येथे जून 1992 मध्ये खून झालेल्या एका महिलेची ओळख 31 वर्षे पटली नव्हती. इंटरपोलने 2023 मध्ये अशा 22 महिलांची माहिती जाहीर केली. तिच्या हातावरील फुलाचे गोंदण ब्रिटनमधील नातेवाइकांनी ओळखले आणि ती रिटा रॉबर्ट्स असल्याचे स्पष्ट झाले. तिथेही आधी माहिती योग्य घरापर्यंत पोहोचावी लागली.

भारतात ही वाट काढण्याची संधी होती. 2019च्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी वेगळ्या नोंदी प्रस्तावित होत्या. पण त्याच विधेयकात आरोपी आणि कच्च्या कैद्यांचेही डीएनए साठवण्याची तरतूद होती. त्यावर खासगीपणाचे आक्षेप आले, ते रास्तही होते. जुलै 2023 मध्ये विधेयक मागे घेतले गेले आणि गुन्हेगारांच्या नोंदींसोबत बेपत्तांच्या नोंदीही बारगळल्या. या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधायलाच नको होत्या. हरवलेल्या मुलाची आई स्वेच्छेने देईल तो लाळेचा नमुना, फक्त अनोळखी मृतांशी ताडून पाहण्यापुरता आणि शोध लागताच नष्ट करण्याच्या अटीवर घेतला, तर त्याला विरोध कोण करील?

आज इतवारीतल्या अनोळखी मृतदेहाची दाढ जवळच्या मेयो रुग्णालयात काढून ठेवली, तरी पलीकडे राजनांदगावच्या ठाण्यात ‘हरवला’ची तक्रार द्यायला आलेल्या आईकडून सहसा मागितला जातो तो एक फोटो आणि अंगावरच्या कपड्यांचे वर्णन.