दोन हजार तासांनंतर

गेल्या उन्हाळ्यात लेकाकडे अमेरिकेत गेले होते. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून एक छोटं विमान घेतलंय. सेसना १७२, १९७४ सालचं. म्हणजे माझ्या लेकापेक्षा दोन वर्षांनी मोठं! आत चार माणसं बसतात, रिक्षात बसल्यासारखी खांद्याला खांदा लावून. शनिवारी सकाळी तो माझ्या नातीला घेऊन वर जातो, आणि ती दोघं परत येईपर्यंत माझा चहा गार होतो.

अशाच एका शनिवारी नाश्ता करताना तो म्हणाला, "आई, आपल्या इंजिनाचे दोन हजार तास भरले बरं का." सूर असा की जणू पेढेच वाटायचेत. मी विचारलं, भरले म्हणजे काय? तर म्हणे, इतके तास चाललं की इंजिन उतरवून पूर्ण खोलावं, ओव्हरहॉल करावं, असं इंजिनाची कंपनी सांगते.

"मग कधी करताय?"

"इतक्यात नाही."

माझा घास हातातच राहिला. खर्च विचारला तर तीस-चाळीस हजार डॉलरच्या घरात. मग काय, मी बोलून घेतलं. पोरीच्या जिवापेक्षा पैसे मोठे का, इथपर्यंत बोलले. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "पुढच्या शनिवारी तेल बदलायचंय. तू चल माझ्याबरोबर."

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. इंजिनाशी माझी ओळख फक्त माहेरच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची. पण हँगरमध्ये गेले आणि गुंतून गेले.

त्यांचं इंजिन लायकोमिंगचं, चार सिलिंडरचं, वाऱ्याने थंड होणारं. आकाराने सव्वापाच लिटरचं, पण ताकद फक्त दीडशे अश्वशक्ती. म्हणजे अंगाने पैलवान आणि कामाला सावकाश. शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो, एक दगा देईल तर दुसरा आहे म्हणून. कंपनीची शिफारस २००० तासांची किंवा १२ वर्षांची, जे आधी होईल ते. गाडीच्या हिशोबात सांगायचं तर ताशी शंभराच्या वेगाने दोन लाख किलोमीटर. उड्डाणशाळेचं विमान एवढे तास तीन-चार वर्षांत संपवतं. घरचं विमान वर्षाला शंभर तास उडालं तर वीस वर्षं लागतात.

खरी गंमत पुढे आहे. हीच कंपनी म्हणते की इंजिन पहिल्यापासून सातत्याने महिन्याला ४० तास किंवा जास्त चाललं असेल, तर मुदतीत आणखी २०० तास धरा. म्हणजे जो जास्त राबतो त्याला आयुष्य वाढवून!

कारण साधं आहे. या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद पडून राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली निथळतं, आतल्या ओलाव्याने उघड्या पोलादाला गंज धरतो, आणि पुढच्या वेळी सुरू केलं की तो गंज किसणीसारखं काम करतो. नुसतं जमिनीवर दहा मिनिटं चालवून ठेवणं तर आणखी वाईट. तेल पुरेसं तापत नाही, आणि जळणातून तयार होणारं पाणी आतच राहतं. हे ऐकताना मला माहेरचं इंजिन आठवलं. उन्हाळाभर रात्रंदिवस पाणी उपसायचं तेव्हा कधी तक्रार नाही, आणि पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलं की दिवाळीनंतर अण्णा हँडल मारून मारून घामाघूम!

लेकाने एक जुनी हकिकतही सांगितली. ४ डिसेंबर १९५८ ला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे लास व्हेगासहून एक सेसना १७२ घेऊन उडाले, ते ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं. खालून पळणाऱ्या ट्रकमधून नळीने पेट्रोल वर घेत होते. त्या विमानाचं इंजिन कॉन्टिनेन्टलचं. ते साडेपंधराशेहून जास्त तास एका दमात चाललं. शेवटी आत काजळी साचून त्याची ताकद कमी झाली, तेव्हा उतरले. ते विमान आजही तिथल्या विमानतळावर टांगून ठेवलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, आजीबाई लेकाच्या बाजूने फितूर झाल्या. थांबा. मुदत म्हणजे थोतांड, असं मी म्हणत नाही. सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालून व्हॉल्व्ह बघता येतो, भिंतीवरचे ओरखडे बघता येतात. पण क्रँकशाफ्टच्या पोटातली बारीक चीर त्यात दिसत नाही. आणि इंजिन एकच आहे. ते बंद पडलं तर रस्त्याच्या कडेला थांबायची सोय वर नसते. म्हणून अमेरिकेत खाजगी मालकाला मुदत बंधनकारक नसली, तरी भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्यांना ती सहसा पाळावीच लागते. मला हा भेद योग्य वाटतो. तिकीट काढणाऱ्याला इंजिनाची वही बघायला मिळत नाही, त्याच्यासाठी आकडाच राखणदार.

पण उलट बाजूही आहे. उघडून जोडलेलं इंजिन म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांचा अभ्यास करताना वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाला दिसलं की ठरलेल्या तपासणीनंतर लगेच बिघाड कमी होण्याऐवजी वाढतात. माणसाचा हात लागला की एखादा नट सैल राहतोच. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी मोठ्या विमानांच्या भागांबद्दलचा अहवाल दिला. त्यात वय वाढलं म्हणून बिघाड वाढतो, असे भाग फक्त ११ टक्के निघाले. मोठ्या विमानाचा हिशोब छोट्याला जसाच्या तसा लागत नाही, हे कळतं मला. पण विचार करायला लावणारा आकडा आहे.

त्याच हँगरच्या रांगेत आणखी एक विमान होतं. ओव्हरहॉल होऊन फक्त सातशे तास झालेले, पण मालक वर्षाला जेमतेम दहा तास उडवणारा. त्याच्या तेलाच्या फिल्टरमध्ये लोखंडाचा चुरा सापडला. कॅमशाफ्ट गंजून खाल्ला गेला होता. त्याला कुणी घाबरवलं नव्हतं. कागदावर तेराशे तास शिल्लक होते ना!

माझं म्हणणं आहे ते हेच. २००१ व्या तासाला आकडा आपल्याला भिववतो याचं मला फार वाटत नाही. सातशेव्या तासाला तोच आकडा आपल्याला झोपवतो, ते जास्त धोक्याचं. मुदत ओलांडायची मोकळीक हवी असेल तर बघण्याचं कर्तव्य अंगावर घ्यावं लागतं. ते जमणार नसेल त्याने निमूटपणे इंजिन उतरवावं.

मी स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. नियम सगळ्यांना सारखा, त्याबद्दल राग नाही. पण पहिली दोन वर्षं नुसती बसून काढली, तेव्हाच गुडघे धरले आणि शब्द अडायला लागले. पुढे गल्लीतली मुलं शिकायला यायला लागली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. असो.

तर त्या शनिवारी मेकॅनिकने सिलिंडरमध्ये ८० च्या दाबाने हवा सोडली आणि किती टिकते ते वहीत लिहिलं. ७६/८०, ७४/८०, ७७/८०, ७५/८०. मार्कांची यादी बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मग तेलाचा फिल्टर कापून आतला कागद पंख्यासारखा उलगडला आणि उजेडात धरला. काळं तेल, बाकी काही नाही.

मी लेकाकडून एक कबूल करून घेतलंय. दर पन्नास तासांनी फिल्टर कापायचा आणि त्याचा फोटो मला पाठवायचा. ज्या दिवशी त्यात धातू दिसेल, त्या दिवशी पैशांचा हिशोब काढायचा नाही आणि नातीला बसवायचं नाही. चकाकतं ते सगळं सोनं नसतं, हे वर्गात किती वर्षं शिकवलं. इथे तर चकाकेल ते नक्कीच सोनं नाही.

परवाच फोटो आला. चष्मा पुसून, मोठा करकरून बघितला. मग त्याला फोन लावला.

"काही चकाकतंय का रे?"

"नाही गं आई."

मग चहा प्यायले. गरम होता.