दुबई तीन तासांवर, पण माल किती दिवसांवर?

"दुबई काय, तीन तासांवर!" हे वाक्य आमच्या कापड बाजारात रोज कानी पडते. व्यापारी बंधूंनो, तीन तास हा विमानाचा हिशेब आहे, तिजारतीचा नव्हे.

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. सरळ उड्डाणाला साधारण सव्वातीन तास लागतात. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असला की वेळ थोडा वाचतो. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी दहाला निघालेला माणूस तिथल्या पावणेबाराला उतरतो. पावणेदोन तासांत पोहोचलो असे वाटते. येताना तोच दीड तास परत द्यावा लागतो.

आता मालेगावच्या कारखानदाराचा प्रवास पाहा. विमानतळापर्यंत अडीचशे किलोमीटरांहून जास्त रस्ता, म्हणजे सहा तास. उड्डाणाआधी तीन तास हजेरी. उतरल्यावर तपासणी आणि शहरात जाणे, दीड तास. एकूण पावणेचौदा तास. त्यात आकाशातला वेळ चौथा हिस्साही नाही! शिवाय 2022 पासून तिथल्या सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार बंद. गुरुवारी रात्री पोहोचणाऱ्याच्या हाती काय लागणार?

माणसाचे हे, तर मालाचे काय? न्हावा-शेवाहून जेबेल अलीला जहाज एरवी तीन-चार दिवसांत पोहोचते. पण कापड विणणे, रंगवणे, गाठी बांधणे, कंटेनर भरणे, कस्टम, जहाजाची वाट पाहणे आणि पलीकडे पुन्हा कस्टम, हे दिवस कोण मोजणार? भारत आणि अमिराती यांच्यातला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू झाला. त्याने आपल्या कापडावरची तिथली जकात उतरली. वाटेतला एकही दिवस कमी झाला नाही.

यात खरा मार बसतो तो ईदच्या मालाला. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. गेल्या साली ज्या तारखेला माल रवाना केला, तीच तारीख यंदा धरली तर माल बाजार उठल्यावर पोहोचतो. मग गिऱ्हाईक भाव पाडून मागते आणि तोटा शेवटी मागवाल्याच्या मजुरीतून वसूल होतो. चूक तारीख देणाऱ्याची, भरपाई कारागिराची. हा कुठला इन्साफ?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: गिऱ्हाइकाला तारीख देताना विमानाचे तास विसरा. त्याच्या दुकानापासून उलट मोजत आपल्या मागापर्यंत या, वर आठ दिवस राखून ठेवा आणि मगच जबान द्या. लांबची तारीख ऐकून एखादा सौदा जाईल, पण मोडलेल्या तारखेने गिऱ्हाईक कायमचे जाते.