विषयांची श्रीमंती

सरत्या वर्षाचा अखेरचा अग्रलेख लिहावयास बसण्यापूर्वी बारा महिन्यांची कात्रणे एकवार चाळावीत, अशी आमची जुनी सवय आहे. यंदाही ती चाळली. अर्थसंकल्प, पाणीटंचाई, रस्त्यांची दुर्दशा हे नित्याचे विषय त्यांत होतेच. पण त्यांच्या जोडीला काजूचा मोहोर, नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर, हरवळ्याची लेणी, पेडण्याकडील दशावतार आणि वाचनालयांतून धूळ खात पडलेले ग्रंथ यांवरही आम्ही लिहिले. खरे सांगावयाचे तर या दुसऱ्या यादीने आम्हांस अधिक आनंद दिला.

नेमके याच आनंदावर डिचोली तालुक्यातील पाळी गावच्या एका वाचकांनी बोट ठेवले आहे. ते लिहितात की, आमच्या दारात ट्रक गंजतो आहे, बँकेचे हप्ते थकले आहेत, आणि तुम्हांला काजूच्या मोहोराचे कौतुक सुचते! लोकांचे प्रश्न सोडून हे चोचले कशाला?

पत्र कडवट आहे. पण त्यामागील वेदना खोटी नाही. पाळी हा खाणपट्ट्यातला गाव. २०१२ साली गोव्यातील खनिज उत्खनन थांबले. पुढे ते सुरू होते न होते तोच, ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रकमालक, गॅरेजवाले, रस्त्याकाठचे चहावाले अशी एकात एक गुंतलेली सारी साखळीच त्याबरोबर तुटली. लिलावाने दिलेल्या पट्ट्यात २०२४ मध्ये डिचोली तालुक्यात काम पुन्हा सुरू झाले खरे. तथापि मधल्या वर्षांत ज्यांचे संसार विस्कटले, त्यांचे नुकसान तेवढ्याने भरून येणारे नाही. याविषयी आम्ही लिहिले आहे, आणि यापुढेही लिहीत राहू.

परंतु आमच्या वाचकमित्रांना आम्ही एक उलट प्रश्न विचारू इच्छितो. पाळी म्हणजे केवळ खनिज काय? खाणी चालू होत्या तेव्हा वृत्तपत्रांनी या पट्ट्याकडे टनांच्या हिशेबाने पाहिले. बंद पडल्या तेव्हा बेकारीच्या हिशेबाने पाहिले. दोन्ही वेळा विषय एकच राहिला. मध्यंतरी कोणाची विहीर आटली, कोणाच्या वायंगणी शेतात खाणीचा गाळ उतरला, कोणत्या मांडावरचे धालो थांबले, याची नोंद व्हावी तशी झाली नाही. यात आमचाही दोष आहे, आणि तो आम्ही मोकळेपणाने पत्करतो. एखाद्या गावाविषयी वर्षानुवर्षे एकच गोष्ट लिहिली गेली की, आपल्यापाशी दुसरे काहीच नाही, असे त्या गावालाही वाटू लागते. मग ते एक गेले की सर्वस्व गेले!

वाटेल त्या विषयावर लिहिण्याचा हा आनंद गोमंतकीय लेखणीच्या पदरात सहजासहजी पडलेला नाही, हेही या डिसेंबर महिन्यात आठवणे उचित ठरेल. सालाझारशाहीत येथे छापावयाचा मजकूर आधी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जात असे. लग्नपत्रिकांचीही त्यातून सुटका नव्हती. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवट संपली. ज्या भूमीत निमंत्रणाच्या चार ओळींनाही परवानगी लागत होती, तेथे मोहोरावर मोकळेपणाने लिहिता येणे हा स्वातंत्र्याचाच एक भाग होय.

या संदर्भात आम्हांस शेजारच्या सत्तरीतील आंबेडे गावचे पंडित महादेवशास्त्री जोशी आठवतात. शास्त्रीबुवांनी गोव्याच्या मातीतल्या कथा लिहिल्या, तीर्थस्थळे धुंडाळली, आत्मचरित्र लिहिले, मुलांसाठी निराळा कोश सिद्ध केला आणि भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड संपादित केले. म्हणून ते लोकांच्या दुःखाकडे पाठ फिरवून बसले होते असे कोण म्हणेल? गोव्याच्या मुक्तिलढ्यात ते होते. आणि त्यांच्या पत्नी सुधाताईंनी तर १९५५ साली म्हापसा येथील अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारून पोर्तुगिजांचा तुरुंगवास पत्करला. व्रते, सण, देवळे आणि लोककथा यांत रमणारे मन अन्यायापुढे दुबळे ठरते, हा समज त्या घराने खोटा पाडला आहे. आपल्या भूमीत जपण्याजोगे काय काय आहे, हे ज्याला ठाऊक असते, तोच तिच्यासाठी निकराने झगडतो.

तेव्हा पाळीच्या वाचकमित्रांना आमची विनंती आहे. नव्या वर्षात त्यांनी पुन्हा पत्र लिहावे. ट्रकाविषयी लिहावेच; बँकेच्या हप्त्यांविषयीही लिहावे. पण त्याबरोबर आजीच्या तोंडची धालोची गाणी, खाण येण्यापूर्वीची शेते, बारमाही वाहणारी एखादी झर आणि लहानपणी रात्रभर जागून पाहिलेले नाटक यांविषयीही चार ओळी धाडाव्यात. आम्ही त्या आनंदाने छापू. पौषात धालोंचे मांड पुन्हा जागे होतील आणि काजूही मोहोरेल. त्या मोहोरावर आम्ही पुन्हा लिहिणार आहोत, हेही आताच सांगून ठेवतो. रागावून का होईना, पण ते अग्रलेख वाचतात, ही आमची वर्षाची कमाई आहे.

त्यांना आणि सर्व वाचकांना नवे वर्ष सुखाचे जावो.