राजकन्येला कुणी विचारलं?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत महाडच्या आमच्या घरी भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी एक राज्य मांडलं होतं. मोबाइलवर नव्हे, टेबलावर. कागदाचा नकाशा, वीस बाजूंचा फासा, एक जण सूत्रधार आणि बाकीचे राजा, वजीर, सेनापती. जे करायचं ते बोलून करायचं, जमलं की फसलं ते फासा सांगणार. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तेव्हापासून जगभर असे खेळ खेळले जातात. या पोरांनी नकाशा मात्र घरचाच घेतला होता. सावित्री नदी, महाडचं बंदर, पोलादपूरच्या वरचा घाट आणि घाटापलीकडे एक हट्टी राजा. दोन दिवस घाटाची नाकेबंदी चालली. तिसऱ्या दिवशी आमचा राजा म्हणाला, “लढाई कशाला? त्याच्या मुलीला मागणी घालू.” नजराणा ठरला, वजीर निघाला, फासा पडला: अठरा. सोयरीक जमली, घाट उघडला. राजकन्येला नाव द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

पोरांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. अशा खेळांत लग्न हा मान्य डाव आहे. १९८५ साली आलेल्या ‘पेंड्रॅगन’मध्ये तर दर वर्षाच्या शेवटी सरदाराचं लग्न, मुलंबाळं आणि जमीनजुमला यांचे फासे टाकतात. खेळाचे नियम कुणी हवेतून आणलेले नाहीत, ते इतिहासावरून घेतले आहेत. आणि इतिहास आपण सगळ्यांनी असाच वाचला आहे. अमुक राजाने तमुक घराण्याशी ‘नातं जोडलं’, त्यामुळे सीमा सुरक्षित झाली. वाक्य संपतं, परीक्षेत दोन गुण मिळतात. जिच्यावर हे नातं जोडलं गेलं ती त्या वाक्यात कर्ताही नसते आणि कर्मही नसते.

पोरांनी ज्या घाटावर डाव मांडला त्याच घाटाचं उदाहरण घेऊ. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की जावळीचं खोरं लागतं. तिथले मोरे ‘चंद्रराव’ हा किताब लावत. रायरीचा डोंगर, म्हणजे आजचा रायगड, त्यांच्याच ताब्यात होता. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पाठोपाठ रायरी. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिलं की मोऱ्यांकडे आधी दूत गेले ते त्यांच्या मुलीला मागणी घालण्याच्या निमित्ताने, आणि त्याच भेटीत चंद्ररावाचा घात झाला. जदुनाथ सरकारांनीही ही हकिकत घेतली. मराठी संशोधकांनी तिच्यावर आक्षेप घेतले. जावळी उघड लढाईने घेतली, असं त्यांचं म्हणणं. हा वाद शंभर वर्षं चालू आहे, आणि तो चालावा. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. भांडण होतं ते दूतांच्या हेतूवरून आणि राजाच्या प्रतिमेवरून. मागणी खरी असो की बनाव, ती जिच्या नावाने गेली त्या मुलीबद्दल दोन्ही बाजूंना काही म्हणायचं नसतं.

मोऱ्यांच्या त्याच डोंगरावर पुढे राजधानी झाली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आठवडाभर आधी रायगडावर महाराजांची मुंज झाली आणि राण्यांशी पुन्हा, या वेळी वैदिक मंत्रांनी, विवाह लागले. म्हणजे लग्न हे राजपदाच्या कागदपत्रांपैकी एक होतं. शृंगारपूरच्या शिर्क्यांशी तर साटंलोटंच होतं. पिलाजी शिर्क्यांची मुलगी जिऊबाई संभाजीराजांना दिली, ती येसूबाई झाली. महाराजांची मुलगी राजकुंवरबाई गणोजी शिर्क्यांना दिली. त्या काळाच्या हिशेबाने हा पक्का तह होता. आणि तहाचं जे होतं तेच याचंही झालं. संभाजीराजांच्या काळात शिर्के उलटले, सोयरीक आडवी आली नाही.

दख्खनच्या मुसलमान दरबारांत काही वेगळं चालत नव्हतं. आपल्या वाचकांपैकी काहींना ‘दख्खनचे सुलतान’ म्हटलं की उगाच अभिमान वाटतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसुफ आदिलशहा. त्याची बायको मुकुंदराव या मराठा सरदाराच्या घराण्यातली. दरबारात तिला बुबूजी खानम म्हणत. तिची मुलगी बीबी मरियम. १५२४ साली सोलापुरात मरियमचा निकाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाला आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला व आसपासचे परगणे द्यायचं ठरलं. निकाह झाला, किल्ला काही मिळाला नाही. तिचा भाऊ इस्माईल आदिलशहा म्हणाला, असं काही ठरलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी लढाई झाली. नंतरची चाळीस वर्षं सोलापूरवरून विजापूर आणि अहमदनगर लढत राहिले. मग विजयनगरविरुद्ध एकी करायची वेळ आली तेव्हा तोच किल्ला पुन्हा एका मुलीच्या पदराला बांधला. निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूर. अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला दिली. म्हणजे इथेही साटंलोटं. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगर पडलं.

शेवटचं एक उदाहरण. १६०४ साली विजापूरच्या शहजादीचा निकाह अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी गोदावरीकाठी पैठणला झाला. पाठवणीच्या लवाजम्यात इतिहासकार फरिश्ता स्वतः होता. पुढच्याच वर्षी दानियाल दारूपायी मेला. तह करणारे दोन्ही बाप आपापल्या तख्तावर होते. विधवा झाली ती मुलगी.

आता मुसलमान म्हणून मला जे टोचतं ते सांगतो. ही सगळी लग्नं काझींनी लावली, साक्षीदार होते, खुतबा झाला असणार. पण सोलापूरचा किल्ला हा मेहर नव्हता. मेहर नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो. तो तिचा हक्क आहे, बापाचा नाही आणि भावाचाही नाही. कुरआनच्या सूरह निसामध्ये ते अगदी सुरुवातीलाच स्पष्ट आहे. किल्ला उलट्या दिशेने गेला, मुलीच्या घरून नवऱ्याच्या घरी. त्याला आपल्याकडे जहेज म्हणतात. ज्या सौद्यासाठी निकाह लागला त्या सौद्यात वधू कुठेच नव्हती, ना देणारी म्हणून, ना घेणारी म्हणून.

आणि संमतीचं काय? खन्सा बिन्त खिदाम यांच्या वडिलांनी त्यांचा निकाह मनाविरुद्ध लावला. त्या प्रेषित मुहंमद (स.) यांच्याकडे गेल्या आणि प्रेषितांनी तो निकाह रद्द ठरवला. नसाईंच्या हदीससंग्रहात आणखी एका तरुणीची हकिकत आहे, ती तर आपल्या विषयाचीच आहे. तिच्या बापाने स्वतःची पत वाढावी म्हणून पुतण्याशी तिचं लग्न लावलं होतं. प्रेषितांनी निर्णय तिच्या हाती दिला. तेव्हा ती म्हणाली की बापाने केलं ते मी मान्य करते, पण बापांना असा हक्क आहे का, एवढं बायकांना कळावं म्हणून मी आले. नवरा नाकारायला ती आली नव्हती. आपल्याला विचारलं जावं, यासाठी आली होती.

यावर कुणी जाणकार म्हणेल, आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, आणि शाफई फिकहमध्ये कुमारिकेचा निकाह बाप किंवा आजा वली म्हणून लावू शकतो. तिला विचारणं मुस्तहब आहे, सक्तीचं नाही. हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण त्याच फिकहने या अधिकाराला अटी घातल्या आहेत. मुलगा तोलामोलाचा हवा, मेहर देण्याची ऐपत असलेला हवा, बाप आणि मुलगी यांच्यात वैर नसावं. त्या अटींमागचं गृहीतक असं की बाप फक्त मुलीचं भलं पाहतो आहे. ज्या बापाला त्या लग्नातून किल्ला मिळवायचा किंवा वाचवायचा आहे, तो तिचा वली उरतो की तिचा व्यापारी होतो? आणि मुस्तहब म्हणजे ‘न केलं तरी चालेल’ असा अर्थ घेऊन आपण कधीपासून खूश राहायला लागलो? नमाजच्या सुन्नती आपण अशा सोडत नाही. हनफी मत तर सरळच आहे, सज्ञान मुलीवर बळजबरी नाही. देशाचा कायदाही एक पाऊल पुढे आला आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने, पंधरा वर्षांच्या आत बापाने लावून दिलेलं लग्नही, सहजीवन सुरू झालेलं नसेल तर, अठरा पूर्ण होण्याआधी नाकारायचा हक्क मुलीला दिला.

काहींचं म्हणणं असतं की या राजकन्या काही बिचाऱ्या नव्हत्या. अगदी बरोबर. बुबूजी खानमने कमालखानाच्या बंडातून लहान मुलाचं तख्त वाचवलं. चांदबीबीने विजापूरचा कारभार सांभाळला आणि १५९५-९६ मध्ये मोगलांपुढे अहमदनगरचा किल्ला झुंजवला. येसूबाईंनी रायगडाला वेढा पडल्यावर राजारामांना गडाबाहेर काढायचा सल्ला दिला, स्वतः मुलाला घेऊन कैदेत गेल्या आणि १७१९ साली, जवळजवळ तीस वर्षांनी, सुटल्या. पण यावरून काय सिद्ध होतं? ज्यांना पटावरचं प्यादं म्हणून सरकवलं, त्यांना डाव पाहणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होता. त्यांना न विचारण्याचं उरलंसुरलं कारणही यातून निकालात निघतं.

हे जुनं प्रकरण आज उकरायचं कारण आहे. बुबूजी खानमची गोष्ट सांगितली की एक बाजू खूश होते: पाहा, केवढी ही एकी! दुसरी बाजू चिडते: पाहा, आमची मुलगी नेली! दोघांच्या म्हणण्यात ती कुणाची तरी आहे, स्वतःची नाही. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली तेव्हा आपण रागावलो, आणि ते योग्यच होतं. सज्ञान मुलीच्या निर्णयावर सरकारने पहारा कशाला ठेवायचा? पण आपल्याच मुलीने बिरादरीबाहेरचा, किंवा मुसलमान असूनही ‘आपल्यातला नसलेला’ मुलगा निवडला, तर आपण कुठली समिती नेमतो ते प्रत्येकाने आठवून पाहावं.

बऱ्याच ठिकाणी आपल्याकडे निकाहच्या दिवशी वकील आणि दोन साक्षीदार मुलीकडे जातात आणि तिची मर्जी विचारतात. पद्धत फार सुंदर आहे. पण कधी विचारतात? हॉल घेतलेला असतो, बिर्याणीच्या डेगी उतरलेल्या असतात, मुंबईहून आणि आखातातून पाहुणे आलेले असतात, मुलाकडच्यांची गाडी दारात असते. मुलगी ओढणीत मान खाली घालून बसलेली, भोवती तीस बायका. त्या क्षणी ‘नाही’ म्हणणारी मुलगी मी आजवर पाहिली नाही. सगळ्यांची मनापासून हो असते असंही मला वाटत नाही. कुमारिकेचं मौन म्हणजे होकार, असं हदीसमध्ये आहे ते तिच्या लाजेची कदर म्हणून. आपण ते तिचं तोंड बंद ठेवायला वापरतो.

माझं म्हणणं फार मोठं नाही. तारीख ठरण्याआधी मुलीला विचारावं. जिच्यावर तिचा विश्वास आहे अशा बाईने विचारावं, बाप खोलीत नसताना. मेहर तिच्याशी बोलून ठरवावा आणि तो निकाहच्या वेळीच हातात द्यावा. कागदावर आकडा लिहून आयुष्यभर उधार ठेवू नये. निकाहनामा सहीआधी तिला वाचून दाखवावा. यातलं काहीही शरियतच्या बाहेरचं नाही, आणि याला पैसेही लागत नाहीत.

महाड-पोलादपूरच्या गावागावांत जमाती आहेत. मशिदीचा रंग, कब्रस्तानची भिंत, हॉलचं भाडं, यावर त्यांच्या बैठकांत रात्री अकरापर्यंत चर्चा होते. पुढच्या बैठकीत एक ठराव मांडून पाहा: मुलीला महिनाभर आधी विचारल्याची नोंद असल्याशिवाय जमातीच्या वहीत निकाह लिहिला जाणार नाही. बैठकीत आधी शांतता पसरेल, मग कुणीतरी म्हणेल, “एवढं कशाला?” त्याला तिथेच विचारा, तुमच्या घरी शेवटचं लग्न झालं तेव्हा मुलीला कुणी विचारलं होतं आणि कधी?