चित्रातून कोण पुसले जाते?

मुंबईत वरळीच्या किनाऱ्यावर तिकाटण्यावर कॅमेरा लावून छायाचित्रे घेणारे हौशी लोक पुष्कळ दिसतात. भिंगापुढे दहा ‘स्टॉप’ची काळी काच बसविली म्हणजे प्रकाश सुमारे १००० पटीने घटतो, व सेकंदाच्या तिसाव्या भागाचे काम अर्ध्या मिनिटावर जाते. तेवढ्या अवधीत लाटा विरून समुद्र धुक्यासारखा भासतो. खडक व सागरी सेतू मात्र रेखीव उमटतात.

असे चित्र सुंदर खरे. परंतु ते संपूर्ण सत्य होय, असे आम्हांस म्हणवत नाही. स्थिर तेवढेच त्यात उरते. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा चालती माणसे व गाड्या नाहीशा झाल्या; बूट पुसून घेण्यास थांबलेला गृहस्थच काय तो स्पष्ट उमटला. वरळीस जाळे ओढणाऱ्या कोळ्याचीही हीच गत होते.

विद्यार्थिमित्रहो, काळ्या काचेचे चित्र अवश्य घ्या. मात्र काच काढून दुसरेही घ्या, आणि दोन्ही शेजारी लावा. श्रम करणारा सदा हलतच असतो. नगराच्या चित्रातून तोच वगळला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.