जुनी मोटार, खारा वारा आणि घाटाचा उतार

जुन्या मोटारीविषयीं लिहावयास बसलें म्हणजे कांहीं वाचकांस तें रिकामटेकड्या श्रीमंतांचें खूळ वाटेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या घरांत आजीचें जातें आणि देव्हाऱ्यांतील तांब्याची पळी पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते, त्या घरांत एखादी मोटारहि जपली गेली, तर त्यांत नवल तें काय? फरक इतकाच, कीं जातें बिघडलें तर दळण राहतें. मोटार घाटांत बिघडली तर माणसें जातात. म्हणून हा विषय आम्ही हौसेच्या सदरांत न घालतां गृहस्थाच्या कर्तव्यांच्या सदरांत घालतों.

आमच्या थोरल्या काकांजवळ एम. जी. या इंग्रजी कारखान्याची 'टी. सी.' जातीची उघडी मोटार आहे. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथें १९४५ पासून १९४९ पर्यंत या जातीच्या सुमारें दहा हजार गाड्या बांधल्या गेल्या. चार नळकांड्यांचें १,२५० घनसेंटिमीटरचें एंजिन, सुमारें ५४ अश्वशक्ति, तारांचीं उंच चाकें, आणि लांकडी सांगाड्यावर बसविलेला पत्रा, अशी तिची ठेवण. बसण्यास जागा दोघांपुरती. सतरा माणसांच्या कुटुंबांत दोघांची गाडी म्हणजे रोज नव्या रुसव्याची सोय! काकू तर नेहमीं म्हणतात, "गाडीच्या सांध्यांना जेवढें तेल घालतां, तेवढें स्वतःच्या गुडघ्यांना चोळलें असतें, तर बरें झालें असतें."

दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत काका ही गाडी घेऊन कोल्हापुराहून मालवणाजवळच्या आमच्या मूळ घरीं निघाले. शेजारीं आम्ही होतों. आजऱ्यावरून आंबोलीपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. पुढें सावंतवाडीच्या बाजूचा उतार लागला आणि काका प्रत्येक वळणावर ब्रेक दाबूं लागले. अर्धा घाट उतरलों असूं, तोंच त्यांचा पाय एकाएकीं खालपर्यंत गेला. गाडीचा वेग मात्र कमी होईना. काकांनीं दुसरा गिअर घातला, हातब्रेक हळूहळू ओढला, आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या अंगास गाडी घासत घासत उभी केली. त्यानंतर पांच मिनिटें कोणीच बोललें नाहीं.

झालें होतें तें असें. ब्रेकच्या नळींतील तेल पांच वर्षांत बदललेंच नव्हतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि कोंकणच्या हवेंत ओलाव्यास काय तोटा? 'डॉट ४' जातीचें ताजें तेल २३० अंशांच्या आंत उकळत नाहीं. पण त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी मुरलें, कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येते. तेल उकळलें कीं त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकांपर्यंत पोहोंचतच नाहीं. हातब्रेक तारेनें ओढला जातो, तेलानें नव्हे. म्हणूनच त्या दिवशीं तो कामास आला.

उतारावर ब्रेकवर किती भार पडतो, याचा हिशेब आम्हीं मागाहून घरीं केला. गाडी, दोन माणसें व सामान मिळून ९५० किलो धरूं, आणि उतार सहाशें मीटरांचा धरूं. वेग न वाढूं देतां एवढें वजन खालीं आणावयाचें, तर जी शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकावी लागते, तिच्यांत सुमारें १९ लिटर साधें पाणी उकळेल. एक मोठी घागर उकळण्याइतकी ही उष्णता चार लहान लोखंडी डब्यांनीं झेलावी, असा आमचा हट्ट होता! यावर उपाय जुनाच आहे: ज्या गिअरमध्यें घाट चढावा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा. मग बराचसा भार एंजिन घेतें. ब्रेक सतत चेपून धरूं नये. थोडा वेळ जोरानें दाबावा व सोडावा, म्हणजे मधल्या वेळांत त्यास वारा लागतो.

दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. त्या दिवसापासून आमच्या घरीं कांहीं नियम ठरले. ते केवळ एम. जी.लाच लागू आहेत असें नाहीं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेली जुनी फिएट ज्यांच्या दारीं असेल, त्यांनाहि त्यांतील बहुतेक उपयोगीं पडतील.

पहिला नियम ब्रेकचा. कोंकणांत हें तेल दरवर्षीं बदलावें. त्या जागीं एंजिनाचें तेल चुकूनहि घालूं नये. त्यानें आंतील रबर फुगतें. निघण्यापूर्वीं गाडी उभी असतांना ब्रेक जोरानें दाबून मिनिटभर धरावा. पाय हळूहळू खालीं जात असेल तर प्रवास रहित करावा.

दुसरा नियम चाकांचा. टायरच्या कडेवर शेवटीं चार आंकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. '२३२२' म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील टायर. जुनी गाडी फार चालत नाहीं. त्यामुळें टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र वाळून चिरलेलें असतें. तारांच्या चाकांवर लहान पाना हलकेच वाजवीत जावें. घट्ट तार तंबोऱ्याप्रमाणें बोलते, सैल तार बद्द वाजते. घरांतील गाण्याचा कान असलेल्या मुलीस हें काम सांगावें. ती मिस्त्र्यापेक्षां लवकर चूक धरील.

तिसरा नियम पाण्याचा. समुद्राकांठच्या कित्येक विहिरींचें पाणी मचूळ असतें. तें रेडिएटरमध्यें घातल्यास आंत क्षार धरतात आणि चढावर एंजिन तापतें. शुद्ध केलेलें पाणी व योग्य कूलंट हींच वापरावीं. गाडी तापलीच, तर वाऱ्याकडे तोंड करून ती उभी करावी व निदान अर्धा तास झांकणास हात लावूं नये. उतावळेपणानें भाजलेला हात प्रवासापेक्षां महाग पडतो.

गाडी वाटेंत बंद पडली, तर घाबरून सर्व भाग एकदम खोलूं नयेत. प्रश्न दोनच विचारावेत: पेट्रोल येतें काय? ठिणगी पडते काय? या जातीच्या गाडीचा विजेचा पेट्रोलपंप किल्ली फिरवितांच टक्‌टक्‌ करतो व कार्ब्युरेटर भरले कीं थांबतो. तो मुळींच बोलत नसेल, तर त्याच्या आंतील विजेचीं टोकें काळवंडलेलीं असण्याचा संभव असतो. बाहेरून पान्याच्या दांड्यानें हलकेच टिचकी मारल्यास बहुधा तो जागा होतो. तो थांबतच नसेल, तर टांकी रिकामी आहे किंवा नळींत हवा शिरते आहे असें समजावें. दुपारच्या उन्हांत नळींतच पेट्रोलची वाफ होते; तेव्हां एंजिनाचें झांकण उघडून नळीवर ओलें फडकें ठेवावें व स्वस्थ बसावें. पेट्रोल येत असून ठिणगी नसेल, तर डिस्ट्रिब्यूटरमधील टोकांतील अंतर पाहावें. तें सुमारें ०.३ मिलिमीटर हवें. भेटीच्या कार्डाची जाडी जवळपास तेवढीच असते. ठिणगी तपासतांना जवळपास पेट्रोल सांडलेलें नाहीं, याची आधीं खात्री करावी.

आतां खाऱ्या वाऱ्याविषयीं. तारकर्लीच्या ओल्या वाळूवर गाडी नेऊन फोटो काढण्याचा मोह तरुणांस होतो. आम्हीं घरांत त्यास सक्त मनाई केली आहे. किनाऱ्यावरून परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा, कारण मीठ वरच्या रंगास नव्हे, तर न दिसणाऱ्या सांध्यांस खातें. बेंगळूरच्या सॅन उद्योगानें १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'स्टॉर्म' नांवाची दोन माणसांची गाडी काढली होती; तिचें अंग फायबरग्लासचें असल्यामुळें त्यास गंज चढत नाहीं. एम. जी.चें भय याहून निराळें: पत्र्याआडचें लांकूड. दारांखालचीं भोकें बुजलीं कीं पाणी आंत सांचतें व लांकूड कुजतें. दार बंद करतांना तें जरा उचलावें लागत असेल, तर बिजागरी नव्हे, लांकूड तपासावें. पावसाळ्यांत गाडी मांगरांत ठेवावयाची झाल्यास जमीन कोरडी असावी, वाळवीची तपासणी करावी आणि गाडीवर सुती आच्छादन घालावें. प्लॅस्टिकखालीं तिला घाम सुटतो. पांच मिनिटें एंजिन सुरू करून बंद करणें हा उपचार नव्हे; त्यानें आंत ओलच वाढते. गाडी नारळाखालीं उभी करूं नये, हें सांगणें नलगे.

दोन गोष्टी नव्या काळाच्या आहेत. २०२५ पर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर आलें. जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे त्यास सोसतीलच असें नाहीं. ते त्यास टिकणाऱ्या प्रकारचे बसवून घ्यावेत आणि महिनोन्‌महिने टांकींत पेट्रोल ठेवूं नये. दुसरी गोष्ट कायद्याची. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीस 'व्ही. ए.' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळूं शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. परंतु अशी गाडी प्रदर्शन, शर्यतीवजा मेळावे, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या वापरास तिला परवानगी नाहीं. ज्यास ती दूरच्या प्रवासास न्यावयाची आहे, त्यानें या शर्ती वाचूनच अर्ज करावा.

घाटांतील त्या प्रसंगानंतर गाडी विकावी, असें काकूंचें मत पडलें. घरांतल्या बैठकींत दोन रात्री वाद झाला. अखेर विक्री टळली, पण दोन अटींवर. मांगराच्या खुंटीस एक वही टांगली आहे. तेल कधीं बदललें, कोणती तार सैल होती, हें सर्व तींत धाकटी सून लिहिते, आणि वहींत तिची सही झाल्याखेरीज गाडी अंगणाबाहेर जात नाहीं. दुसरी अट काकांनीं स्वतःच घातली. यंदाच्या वैशाखांत आंबोलीस पोहोंचल्यावर त्यांनीं गाडी थांबविली, किल्ली पुतण्याच्या हातीं दिली आणि डाव्या बाजूस जाऊन बसले. "दुसऱ्या गिअरवर उतर, बाळ," एवढेंच ते म्हणाले. घाट उतरेपर्यंत त्यांचा उजवा पाय मात्र नसलेला ब्रेक दाबीत होता, असें पुतण्या सांगतो.