किती वॅटचा देऊ?

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी परवा बंद पडलेला दिवा घेऊन घरी आली. एका रिकाम्या खोलीत मांडण्या लावून ती लेट्यूस आणि बेसिल वाढवते आणि चार-पाच हॉटेलांना देते. पुण्याच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणून प्रत्येक कप्प्यावर शंभर वॅटचा एलईडी ग्रो लाइट. त्यातला एक आधी लुकलुकायला लागला, दोन दिवसांनी गेला. “काका, दुकानवाले म्हणतात हा दुरुस्त होत नाही, नवाच घ्या.” तोवर त्या कप्प्यातली रोपं उजेडाच्या ओढीने लांबुडकी होऊन आडवी पडली होती.

दिवा उघडला. प्लेटवरची एकही चिप काळी पडलेली नव्हती. मीटर डायोड मोडवर ठेवून चार-पाच चिपा तपासल्या, प्रत्येक मंद उजळली. गेला होता तो ड्रायव्हर. आपले वायरमन ट्यूबलाइटच्या सवयीने त्याला अजून ‘चोक’च म्हणतात. त्याच्या आतला कपॅसिटर फुगून वर आला होता. म्हणजे चिपा आणि ॲल्युमिनियमची प्लेट, दिव्यातला सगळ्यात महागडा भाग, धडधाकट होता आणि तोच भंगारात जायला निघाला होता. या सदरात मिक्सरपासून गीझरपर्यंत बरंच काही येऊन गेलं, पण इतक्या चांगल्या वस्तूची इतक्या सहज होणारी नासाडी मला फार लागली.

ड्रायव्हर लवकर का जातो, ते तासांच्या हिशेबातून कळतं. घरातला बल्ब दिवसाला चार-पाच तास जळतो. लेट्यूसवरचा दिवा सोळा तास, म्हणजे वर्षाला 5,840 तास. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल कारागिरांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. इथे तर ड्रायव्हर तापलेल्या प्लेटच्या पाठीलाच चिकटवलेला, आणि खोलीत दिवसभर दमट हवा. चिपा हे सगळं वर्षानुवर्षं सोसतात, कपॅसिटर सोसत नाही.

मग आम्ही बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. पहिल्याच दुकानात प्रश्न आला, “किती वॅटचा देऊ?” शंभर म्हटल्यावर त्याने फ्लडलाइटचा ड्रायव्हर काढून दिला. त्यावर छापलं होतं: 30 ते 36 व्होल्ट, 3 अँपिअर. गुणाकार शंभराच्या आसपासच येतो, म्हणून त्याच्या दृष्टीने तो बरोबर. पण आमच्या प्लेटवर अठरा-अठरा चिपांच्या माळा आहेत. एका पांढऱ्या चिपेला चालताना पावणेतीन-तीन व्होल्ट लागतात, म्हणजे माळेला पन्नासच्या घरात. छत्तीस व्होल्टवर ही माळ पेटणारच नाही. दुसऱ्या दुकानात 48 व्होल्टचा पॉवर सप्लाय पुढे आला. तोही चालला नसता, आणि नेमकं इथेच लोक फसतात. तो व्होल्टेज पक्कं धरतो, प्रवाह मोकळा सोडतो. एलईडीला याच्या उलट हवं असतं. व्होल्टेज जरासं वाढलं की तिच्यातला प्रवाह कितीतरी पटीने वाढतो. शिवाय चिप तापली की तिला लागणारं व्होल्टेज उतरतं, म्हणून प्रवाह आणखी वाढतो, आणि चिप आणखी तापते. ड्रायव्हरचं काम या प्रवाहाला लगाम घालणं. म्हणून आधी अँपिअर जुळवायचे, मग आपल्या माळेचं व्होल्टेज त्याच्या टप्प्यात बसतं का ते पाहायचं. वॅट शेवटी, आणि तेही थोडे जास्तच धरायचे, म्हणजे ड्रायव्हर सतत पूर्ण ताकदीवर राबत नाही.

आमचे आकडे कुठून आले? जुन्या ड्रायव्हरवर ‘100 वॅट’ एवढंच होतं. सुदैवाने तिच्याकडे त्याच जातीचे आणखी दिवे चालू होते. त्यातला एक बंद करून, मीटर माळेत जोडून पुन्हा लावला आणि मोजलं: 50 व्होल्ट, 1.9 अँपिअर. तिसऱ्या दुकानात 27 ते 54 व्होल्टचा, स्क्रू फिरवून प्रवाह कमी-जास्त करता येणारा ड्रायव्हर मिळाला, नव्या दिव्याच्या चौथाईपेक्षा कमी पैशांत. तो मी 1.7 वर बसवला. उजेड किंचित उतरला, म्हणून दिवा दोन इंच खाली घेतला. प्लेट मात्र हाताला स्पष्टपणे कमी तापलेली लागते. जोडताना एक काळजी घ्या: आधी प्लेट जोडायची, मग बटण दाबायचं. चालू ड्रायव्हरला नंतर प्लेट लावली, तर त्यात साठलेला जोर एकदम चिपांवर येतो आणि चांगली प्लेट हातची जाते.

मीटर नसलेल्या माणसाने हे सगळं का शोधत बसावं? अँपिअर आणि व्होल्टेजचा टप्पा, हे दोन आकडे दिव्याच्या पाठीवर छापायला काहीच खर्च येत नाही. ड्रायव्हर चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंवर बसवायलाही फारसा येत नाही. युरोपीय संघाने 2019 मध्ये नियम केला, तो सप्टेंबर 2021 पासून लागू आहे: दिव्यांच्या उपकरणातला प्रकाशस्रोत आणि त्याचा कंट्रोल गिअर, म्हणजे आपला ड्रायव्हर, साध्या हत्यारांनी आणि मोडतोड न करता बदलता आला पाहिजे, येत नसेल, तर उत्पादकाने त्याची तांत्रिक कारणं द्यावीत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं तिने हाती घेतली. खोलीत भाजी पिकवणाऱ्या मुलीचा दिवा अवजारही आहे आणि घरगुती उपकरणही. त्याचा विचार व्हावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

नवा ड्रायव्हर आम्ही दिव्यावर लावलाच नाही. मांडणीच्या बाहेरच्या बाजूला, पंख्याच्या वाऱ्यात, खुंटीला टांगलाय. त्याच्या पाठीवर तिने जाड मार्करने तारीख आणि दोन आकडे लिहिले: 50 व्होल्ट, 1.7 अँपिअर. मग बाकीचे दिवे एकेक करून उतरवले आणि त्यांच्या पाठीवरही लिहायला बसली.